खांबाच्या पुढची जागा

पाय टाकला, आणि जिथं फरशी असायला हवी होती तिथं नुसती हवा होती. फार काही झालं नाही. टाच खालच्या पायरीवर आदळली, दातांवर दात आपटले आणि डावा हात आपसूक खांबाला गेला. खांब गार होता, खडबडीत होता, आणि इतका जवळ होता की गाल त्याला घासला. "ताई, जपून," जिन्याच्या खालच्या वळणावरून दिग्दर्शक म्हणाला, "पायरी आहे तिथं." "दिसली," ती म्हणाली. दिसली नव्हती. ती पुन्हा वर चढली, खांबाला पाठ लावून उभी राहिली आणि खाली बघितलं, तर चपलेचं टोक कडेच्या बाहेर. या खांबाच्या पुढं जागाच नव्हती. पाट मांडला असता तर मावला नसता. आणि तिच्या पडद्यावर, रोज, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, याच खांबाच्या पुढं चांगली ऐसपैस फरशी पसरलेली असायची, खाट टाकून माणूस निजला असता एवढी. तिला घाम फुटला. मग तो घाम गार झाला. खालून दिग्दर्शक रिकाम्या जिन्याचा शॉट कुठून घ्यायचा ते सांगत होता, हात लांब करून, एक डोळा मिटून. ती हं हं म्हणत होती. भिंगानं ताणलेली जागा, ती मनात म्हणत होती, भिंगानं ताणलेली. रुंद भिंगातून जवळचं लांब दिसतं, हे तिला काय ठाऊक नव्हतं? धंद्याची बाराखडीच ती. पण बाराखडी आपण वाचताना कुठं म्हणतो.

इमारत बंद पडलेल्या छापखान्याची. भिंतींना अजून शाईचा वास होता. आजवर ती इथं एकदाही आली नव्हती, रिकाम्या जिन्याचा शॉट ठरवायला दिग्दर्शकानं बोलावलं म्हणून आज आली होती. कुठल्याच चित्रपटाच्या जागी ती कधी जात नसे. संकलकानं चित्रीकरण बघू नये, असं ती मानायची आणि नव्या मुलामुलींना शिकवायची सुद्धा. जागा बघितली की डोळा बाटतो. प्रेक्षकाला जेवढं दिसणार तेवढंच आपल्याला दिसावं. लोक त्याचं कौतुक करायचे. हा चित्रपट तर तिच्यासारखीसाठीच बेतलेला. सगळा मारामारीचा, धावपळीचा, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाच्या डोळ्यांनी. नायक दिसतच नाही. दिसतात त्याचे हात, कधी भिंतीवरची सावली, ऐकू येतो त्याचा श्वास. तो पळतो तेव्हा रस्ता आपल्या अंगावर येतो, तो मार खातो तेव्हा ठोसा आपल्या नाकावर. आणि हे सगळं एका दमात, कुठं तुटलेलं नाही असं वाटायला हवं. तुटलेलं तर शेकडो ठिकाणी होतं. तिचं काम ते सांधे लपवायचं. नायकानं मान झटक्यात वळवली की चित्र पुसट होतं, आणि त्या पुसटात सांधा दडतो. म्हणून ती एडिटिंग रूममध्ये बसून सांगायची, इथं मान वळवा, तिथं वळवा, आणि लांब कुठंतरी एक माणूस डोक्यावर कॅमेऱ्याचं हेल्मेट चढवून तशी मान वळवायचा. तो माणूस तिचा धाकटा भाऊ.

त्याला सगळे भिंगरी म्हणत. हे नाव आईनं पाडलेलं. शिवणयंत्रावर बसलेली असताना हा तिच्याभोवती गरगर फिरायचा आणि दोरा तुटायचा. पुढं तो फाइट मास्तरांच्या टोळीत गेला, गच्च्यांवरून उड्या मारू लागला, तेव्हाही नाव तेच राहिलं. या चित्रपटाची त्याला भारी ऐट होती. "सबंध पिक्चरमध्ये मीच आहे," तो सांगायचा. "फक्त मी दिसत नाही, एवढंच." त्याची बायको म्हणायची, "ह्यांचे हात हिरो झालेत म्हणे. घरी आल्यावर तेच हात कपसुद्धा उचलत नाहीत." ती हिला वन्सं म्हणे, आधी थट्टेनं म्हणू लागली आणि मग तेच तोंडात बसलं. जेवताना तो दोन हात पुढं करून दाखवायचा, हे बघा नायक, आणि हात ताटावरून असे काही सरकायचे की आमटीसुद्धा थरारून जावी. आता, जिन्यावरून पडल्यापासून, तो हसताना आधी खांदे धरतो. मानेला पट्टा आहे. उजवीकडून हाक मारली तर मान वळत नाही, अख्खा माणूस वळतो, कपाट सरकवावं तसा, पावलं एकेक उचलून. पहिल्यांदा तो तसा वळला तेव्हा ती हसली होती. तिला हे आठवायचं नसतं, आणि हेच आठवतं.

तो पडला त्या सकाळी फोन तिनंच केला होता. जिन्याखालच्या भिंतीपाशी सांधा ठरला होता, पण आधीच्या तुकड्यात भिंतीवर सकाळचं ऊन होतं आणि पुढच्यात दुपारचं. सांधा उघडा पडत होता. खांबापाशी सावली होती, तिथं लपला असता. "मान वरच वळवा," तिनं दिग्दर्शकाला सांगितलं, "खांब आला की लगेच, उजवीकडे." दिग्दर्शक खालच्या मजल्यावर मॉनिटरपुढं बसलेला, त्यालाही तीच ऐसपैस फरशी दिसत होती. मास्तर त्या दिवशी आलेच नव्हते, नुसतं पळायचं तर होतं, त्यात त्यांचं काय काम. मग फोनवर भिंगरी आला. हेल्मेटमुळे त्याचा आवाज मडक्यातून आल्यासारखा. "ताई, खांबाच्या पुढं जागा आहे ना गं?" "आहे की. दोन-तीन पावलं आरामात." "बघ हां." "अरे, रोज बघतेय मी." आधीच्या टेकला तो समोर पायऱ्या बघत सरळ उतरला होता, खांबापाशी जागा किती ते कधी मोजलं नव्हतं. त्याला स्वतःला बघता आलं असतं. चार पावलं पुढं गेला असता तर कळलं असतं. पण हेल्मेट आवळलेलं, वायरी बांधलेल्या, आणि ताई सांगतेय म्हटल्यावर बघायचं काय.

लहानपणीचा त्यांचा एक खेळ होता. त्याला नाव नव्हतं. शाळेतून येताना तो डोळे मिटायचा आणि ती मागून चालत सांगायची: सरळ, सरळ, आता दगड, डावीकडे, आता उडी. तो उडी मारायचा. कुठं मारतोय हे न बघता, दप्तर पाठीवर आपटत, तोंड वर करून मारायचा. ती खोटं कधी सांगत नसे. एकदा सांगून बघावं असं मात्र फार वाटायचं. आता उडी म्हणावं आणि पुढं काहीच नसावं. आई कापड सरकवता सरकवता गुणगुणायची, स्वतःच जुळवलेलं काहीबाही:

बोट धरून भाऊ चाले, वाट बहिणीला पुसे,
माझ्या डोळ्यांनी गं बाई, त्याला उंबरा दिसे.

यंत्राच्या टकटकीत ते शब्द शिवले जायचे. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, आणि तेव्हापासून त्याचं जे काही फुटलं, सांडलं, हरवलं, ते हिनं आपल्या अंगावर घेतलं. शेजारच्यांची खिडकी मी फोडली. शाईची बाटली माझ्या हातून लवंडली. वडील तिच्याकडे बघायचे, मग त्याच्याकडे बघायचे, आणि काही न बोलता बूट घालून निघून जायचे. ओळीनं किती खोट्या चुका तिनं कबूल केल्या असतील. आता एक खरी होती, आणि ती जिभेवर येत नव्हती.

भिंगरीला पडल्याचं काही आठवत नव्हतं. हेल्मेट घातलं, फोनवर बोलला, इथपर्यंत आठवायचं, मग एकदम इस्पितळाचं छत. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की असं होतं, ते तेवढं कदाचित येणारही नाही. नशीब म्हणायचं, मान वाचली. पट्टा निघाला की कामाला लागता येईल. पण ते मधलं जे गेलं ते सगळं तिच्याजवळ होतं. त्याच्याच डोळ्यांनी बघितलेलं, त्याचाच श्वास, फोन ठेवल्यावर तो स्वतःशी म्हणाला ते "चला," मग धाव, खांब, उजवीकडे झटका, आणि पुसटातून एकदम वर येणारा जिना, छत, जिना, एक हात कशाला तरी धरू बघणारा. ही आठवण त्याला नव्हती. तिला होती, आणि ती आठवण ती पुढं-मागं फिरवू शकत होती.

छापखान्यातून परत आल्यावर तिनं ती आठवण कापली. तेव्हा तिनं स्वतःला सांगितलं की वेग हवाय. खांब ओलांडेपर्यंतची धाव तिनं आधीच्या एका टेकमधून घेतली, ज्यात तो सरळ पळत खाली उतरला होता, आणि तिला पडण्याचा तुकडा जोडला. मधलं मान वळवणं गेलं. त्याच्याबरोबर तिचा शब्दही गेला. आता पडद्यावर एक माणूस खांबाजवळून सरळ पळत येत होता आणि पायरी चुकून कोसळत होता, बस. दिग्दर्शक खुर्चीतून उठला. "ताई, काळीज हललं," तो म्हणाला. हातांवरचे केस उभे राहिलेले त्यानं तिला दाखवले. ती पाणी प्यायली. पाण्याला शाईचा वास येत होता, किंवा तिच्या हाताला.

मग सगळ्यांना चित्रपट दाखवायचा दिवस आला. भिंगरी पट्टा लावून, इस्त्रीचा शर्ट घालून आला, बायकोला घेऊन. मास्तर त्याच्या शेजारी बसले. ती मागं उभी राहिली. जिना आला, तो कोसळला, कुणीतरी अंधारात श्वास आत ओढला. तिला त्याचं डोकं पाठमोरं दिसत होतं, पट्ट्यात ताठ, फुलदाणीत खोचल्यासारखं. दिवे लागल्यावर लोक त्याच्या पाठीवर हलकेच थापा मारायला आले. तो हसत होता. सगळे पांगल्यावर तिच्याकडे आला. "मी वळलोच नाही की गं," तो हळू म्हणाला. "तू खांबाशी वळ म्हणालीस, आणि मी सरळ धावत गेलो रेड्यासारखा." ती काहीतरी म्हणाली. होतं असं, किंवा तू बरा आहेस ना, असलं काहीतरी. "मास्तरांनी पण बघितलं," तो म्हणाला. "काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं." त्यांच्या धंद्यात हात मोडला तर चालतो, पाय मोडला तर चालतो. अंदाज गेला म्हटलं की संपलं. अंदाज गेलेल्या माणसाच्या भरवशावर दुसरा माणूस दोराला लटकत नाही.

तिनं तेव्हा सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाली, दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. मग त्याला पट्ट्यामुळे झोप लागत नव्हती, मग तिची आवराआवर चालली होती, मग रविवार होता. सांगायला निघालेली गोष्ट रोज थोडी जड होत गेली, कारण रोज तिच्यात एक दिवस भरला जात होता. रस्त्यानं चालताना ती पायरी आली की थांबू लागली. चपलेनं आधी चाचपायची, मग पाय टाकायची. लिफ्टमध्ये, दुकानात, कुणाशी बोलताना मध्येच तिची मान उजवीकडे वळायची आणि एक क्षण सगळं पुसट व्हायचं, आणि तिला वाटायचं, इथं आपण काहीतरी कापलं.

मग भावजयीचा फोन आला. "वन्सं, तुम्ही काहीतरी बोला त्यांच्याशी. गुडघ्याचे पॅड, पट्टे, सगळं टोळीतल्या लोकांना वाटून आले. मास्तरांनी नव्या पिक्चरसाठी स्वतः विचारलं, तर ह्यांनी नाही म्हणून सांगितलं. बाबांना म्हणाले, उद्यापासून दुकानात बसतो." भावजयीच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. "बाबा खूश आहेत. मी म्हटलं, बाबा, हा माणूस खुर्चीत बसला तर खुर्ची फिरायला लागेल. तर हे हसले नाहीत हो. हसलेच नाहीत." जरा थांबून ती म्हणाली, "रात्रीचे उठून कॉटपासून दारापर्यंत पावलं टाकून बघतात. पाय कुठं पडतो ते बघतात. मला वाटतं मी झोपलेय."

"त्याला इकडं पाठव," ती म्हणाली. "आत्ता."

तो दुपारी आला. खोलीत दोनच खुर्च्या, पडदे, आणि यंत्रांची ऊब. त्यानं खुर्ची अख्खी फिरवून घेतली, मग बसला. "दुकानात स्टीलचे डबे आहेत," तो म्हणाला. "तुला लागले तर सांग. बहिणीला सूट."

"भिंगरी, तू पडलास ते माझ्यामुळे."

मग त्याच्या चेहऱ्यावर माया आली. तिला ती सहन होईना. "झालं का सुरू?" तो म्हणाला. "ताई, खिडकी फुटली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आता मला पोटापाण्याची अक्कल आहे. माझं मी निस्तरतो."

"खरंच सांगतेय. जागा नव्हती तिथं. मी सांगितलेली जागा तिथं नव्हतीच."

"हिनं फोन केला ना तुला? समजूत घाल म्हणाली ना?"

"अरे..."

"मी बघितलंय गं," तो जरा चिडून म्हणाला. "डोळ्यांनी बघितलंय. माझ्याच."

शब्दानं व्हायचं नव्हतं. आयुष्यभर ज्या तोंडानं त्याच्यासाठी खोटं सांगितलं, त्या तोंडातून खरं निघालं तरी त्याला ते ओळखता कसं यावं. तिनं कापून बाजूला टाकलेला तुकडा काढला. दोनदा भलतंच उघडलं गेलं. मग तो शॉट लावला, जसा घेतला होता तसा, न कापलेला. आधी नुसता काळोख. मग मडक्यातला आवाज: चला. धाव सुरू झाली. भिंती दोन्ही बाजूंनी मागं गेल्या. ती पडद्याकडे बघत नव्हती, त्याच्या हाताकडे बघत होती. तो खुर्चीच्या दांड्यावर होता आणि प्रत्येक पावलाला एक बोट उचलत होता. खांब आला. पडद्यावर मान उजवीकडे गेली, आणि खुर्चीतही पट्ट्याच्या आत मान उजवीकडे जायला निघाली, आणि तो कळवळला. मग जिना, छत, जिना.

"थांबव," तो म्हणाला. "मागं घे."

तिनं मागं घेतलं.

"पुन्हा."

चौथ्यांदा का पाचव्यांदा त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. खांबाची कड चित्राच्या काठाला नुकती शिवलेली, आणि मान वळायला लागलेली. "बघ," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "बघ कसा वळलोय. सुतात. खांब आला आणि वळलोय." आणि तो हसला, खांदे न धरता, आणि दुखलं तरी हसला. "जागा नव्हती होय. मला वाटलं मी गेलो आता. ताई, मला वाटलं माझे पायच गेले." खुर्ची फिरवायची राहिली आणि तो पडद्याशीच बोलत राहिला. "रुंद लेन्स गं ती. त्यात सगळंच लांब दिसतं. तुला तरी काय कळणार इथं बसून? चुकतं माणूस. तो शहाणा दिग्दर्शक तिथं होता, त्यानं तरी बघायचं की नाही?" तो इतका सहज बोलला की तिला रडू यायला लागलं. एवढंच होतं? एवढ्यासाठी इतके दिवस? भाऊ हातानं माशी वारावी तशी तिची चूक वारत होता, आणि तिला क्षणभर, फक्त क्षणभर, पायाखाली फरशी लागली.

मग त्याचं बोलणं थांबलं. बोट अजून पडद्यावरच होतं.

"हे का कापलंस मग?"

तिनं यंत्रावरचा हात काढून घेतला.

"कधी कळलं तुला? जागा नाही म्हणून?"

"छापखान्यात गेले होते. रिकाम्या जिन्याच्या शॉटच्या वेळी."

तो आठवत होता. त्याला आता जे आठवता येत होतं ते तो ओळीनं लावत होता, आणि तिला ते दिसत होतं, कारण तिचंही आयुष्य तेच करण्यात गेलं होतं: हे आधी, ते नंतर, याला ते जोडलं की अर्थ काय होतो. "ते आम्हाला पिक्चर दाखवायच्या आधी," तो म्हणाला.

"हो."

"मी तुझ्याजवळ आलो होतो. म्हणालो, मी वळलो नाही."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मास्तरांना मी नाही म्हणालो, पॅड देऊन आलो, तेव्हा."

"ते मला आज कळलं. पण हो. तेव्हाही."

यंत्राचा पंखा फिरत होता. बाहेर जिन्यावरून कुणीतरी मोठमोठ्यानं भाजीचं बोलत वर गेलं. भिंगरीनं बोट पडद्यावरून काढलं, तिथं बोटाचा ठसा राहिला, आणि तो शर्टाच्या बाहीनं त्यानं पुसला, लहानपणी पाटी पुसायचा तसा, नीट, कोपऱ्यापर्यंत. तिला वाटलं, आता ओरडेल. ओरडावं. त्यानं खिशातून फोन काढला, मास्तरांचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन तिच्यापुढं टेबलावर ठेवला. "तू सांग," तो म्हणाला. "मी सांगितलं तर वाटेल बहिणीच्या माथी मारतोय." फोन वाजत होता. तो पुढं पडद्याकडे बघत होता. वळायचं तर अख्खं वळावं लागलं असतं. तो वळला नाही.

"हां, बोल भिंगरी," मास्तर म्हणाले.

"मी त्याची ताई. मास्तर, जिन्यावर त्याचं चुकलं नव्हतं. तो खांबाशीच वळला होता, मी सांगितलं तिथंच. पुढं जागा आहे म्हणून मी सांगितलं, आणि जागा नव्हती." तिनं फोन जवळ ओढला. "तुम्हाला दाखवलं त्यात ते वळणं नाही. ते मी काढलं. माहीत असून काढलं."

पलीकडे मागं कुणीतरी दोर मोजत होतं, त्याचा घुमता आवाज. मग मास्तरांनी विचारलं, "तो आहे का तिथं?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं पडद्यावरची नजर न काढता हात हलवला. नाही म्हणून सांग. हा हात तिला ठाऊक होता. दाराआडून, कॉटखालून, वडील हाक मारायचे तेव्हा तो असाच हलायचा, आणि ती दरवेळी म्हणायची, नाही, बाहेर गेलाय.

"आहे," ती म्हणाली, आणि फोन त्याच्याकडे सरकवला.